धडकीले भगत कायले?

"मॅडम, तुम्ही बाईला बरं करताय की तिच्या अंगात भूत घालताय?" केस मीटिंगमध्ये सरांनी सगळ्यांसमोर विचारलं.

रिसोडच्या दवाखान्यात मी समुपदेशक आणि सर आमचे सीनिअर सायकॉलॉजिस्ट. केस होती रिठदच्या शोभाबाईची. घरचा भाजीपाला बाजारात विकणारी बाई. एकदा भर बाजारात छातीत धडधडून पडली, तेव्हापासून बाजाराचं नाव काढेना. घरचे तिला कायमचं माहेरी धाडायच्या गोष्टी करत होते.

मी नॅरेटिव्ह थेरपी वापरली. म्हणजे बाई घाबरट नाही. भीती वेगळी, बाई वेगळी. त्या भीतीला नाव द्यायचं. ती कधी येते, कधी तिचं काही चालत नाही, हे बाईच्याच तोंडून काढायचं. शोभाबाईनं नाव ठेवलं 'धडकी'.

चूक माझी झाली. दार नीट लावलं नव्हतं. बाहेर बाकावर बसलेल्या सासूनं ऐकलं, "धडकी आली की तुम्हाला काय म्हणते?" झालं! सासूबाईंनी थेट भगत ठरवला.

सर म्हणाले, "या पद्धतीला मोजमाप नाही, पुरावा तोकडा. पेशंट म्हणेल ते खरं! आणि इथं लोक आधीच आजाराला बाहेरची बाधा म्हणतात, तिथं तुम्ही त्याला नाव देऊन बसता? केस माझ्याकडे द्या."

बाधेचं बोलणं मला झोंबलं, कारण ते खरं होतं. पण केस सोडू? अजिबात नाही!

"भीती मोजायची तुमची स्केल मी दर भेटीला भरून घेते सर. बाईला सोडणार नाही."

शोभाबाईला विचारून तिला आणि सासूला समोर बसवलं.

"भगताकडे कशाला नेता?"

"तुमीच तं तिच्या धडकीले इचारून राह्यल्या होत्या, बाई! मंग ते भूत नाही तं काय?"

मी तोंड उघडायच्या आत शोभाबाई उसळली. "आत्याबाई, नाव म्याच ठेवलं तिचं. घरात कोणी मले येडी म्हनलं का येते ते. भुताले याले असं निमित्त लागते काय? भगताकडं मी येत नाही. मले बाजारात घेऊन चला!"

भगत राहिला, सासू पुढच्या बाजाराला गेली सोबत.

आता मी पहिल्या भेटीलाच घरच्यांना समजावते आणि दाराला कडी लावते. थेरपी तीच.

शोभाबाईच्या स्केलवरचा आकडा जेमतेम हलला. सरांनी फाइलवर शेरा मारला, 'सुधारणा नगण्य.' त्याखाली मी लिहिलं, 'बाजारात धडकी आली. पेशंट उठली नाही. मेथी संपेपर्यंत बसली.'