फक्कीच्या गोलात आबा

कोरोनात बारामतीचं कॉलेज बंद झालं आणि मी सणसरजवळच्या आमच्या वस्तीवर परत आले. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून या रोगाचं सगळं मलाच ठाऊक असणार असं घरच्यांनी धरून ठेवलं होतं. मला खरं तर थोडंच माहीत होतं. बोलताना, खोकताना बारीक थेंब उडतात, आणि माणूस लांब असला की ते त्याच्यापर्यंत कमी पोचतात, एवढंच. आजोबांना, म्हणजे आबांना, जुना दमा होता. त्यांना हा रोग झाला तर काय, हा विचार मी कधी शेवटपर्यंत नेत नसे.

आबा रोज सकाळी डेअरीत दूध घालायला जायचे. तिथे मशीनवर दुधाचं फॅट मोजतात आणि त्यावर भाव ठरतो. मशीनचं तोंड सेक्रेटरीकडे. तो आकडा खरा सांगतो का, याबद्दल गावात सगळ्यांनाच शंका होती. म्हणून जो तो टेबलावर वाकून, दुसऱ्याच्या खांद्यावरून मान घालून आकडा स्वतः बघायचा.

एक दिवस सेक्रेटरीने दारापासून रस्त्यापर्यंत चुन्याच्या फक्कीने गोल आखले. किटली टेबलावर ठेवायची आणि मागं जाऊन गोलात थांबायचं.

"ह्यो रोग बरा गावला त्याला," आबा घरी येऊन म्हणाले. "आता काय बी आकडा सांगंल."

"पण आबा, लांब थांबायलाच पाहिजे."

"लांब कसं थांबायचं, हे तू मला शिकवती व्हय?"

त्यांच्या लहानपणी आमच्या माणसांना हॉटेलाबाहेर बसवून ओंजळीत वरून पाणी ओतायचे. मी सांगत होते ते अंतर वेगळं होतं. पण वेगळं कसं, ते त्यांच्यापुढे बोलायला मला शब्द सापडेनात.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. गोल रिकामे, माणसं टेबलाभोवती. एक जण खोकत होता आणि मिरचीचा ठसका लागला म्हणत होता. आबा त्याच्या शेजारीच, मास्क हनुवटीवर.

"आबा, मागं व्हा," सेक्रेटरी म्हणाला. "नात कालेजात हाय ना? सांगितलं न्हाय का तिनं?"

"तिनं सांगितलं. आकडा कोन सांगनार?"

सगळे हसले. मी हसले नाही. सेक्रेटरीला काळजी रोगाची की मशीनची, हे मलाही कळत नव्हतं. मी चाचरतच म्हटलं, "काका, मशीनचं तोंड दाराकडं केलं तर? गोलातूनच दिसेल सगळ्यांना."

"वायर पुरत न्हाय."

"पुरवू की! आता का अडलं?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांचे डोळे सेक्रेटरीच्या तोंडावर. शेजारच्या गिरणीतून लांब वायरचा बोर्ड आला आणि मशीन फिरलं.

लाल आकडे बाहेरून दिसायला लागले. टेबलाशी कुणी उभं राहिलं की मागच्यांना दिसेना, म्हणून मागचेच ओरडू लागले, "ए, डोकं काढ मधनं! जा तुझ्या गोलात!" बघता बघता टेबल मोकळं झालं. माझ्या सांगण्याने हे कधीच झालं नसतं.

आबांना एवढ्या लांबून दिसत नव्हतं. मी मागच्या गोलातून त्यांच्या दुधाचा आकडा वाचला.

"नीट दिसतंय का तुला?"

"दिसतंय, आबा."

"परत वाच."

परत वाचला. कालच्यापेक्षा जास्त होता.

"बघ!" आबा म्हणाले. परवापासून म्हशीला नवी पेंड चालू होती, तिच्यामुळेही असेल. मला नक्की सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. पण आबा तावातावाने टेबलाकडे निघाले.

"आबा!"

ते थांबले. त्या खोकणाऱ्या माणसाकडे त्यांनी एकदा बघितलं, मग माझ्याकडे. मास्क नाकावर ओढला, मागं येऊन गोलात उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, "सेक्रेटरी, कालचं दूध बी असंच तोंड फिरवून मोजाया पायजे हुतं!"