कौसल्याबाईंची शेवटची पेटी

पत्नी कौसल्याबाई गेल्या आणि काटेवाडीच्या दत्तोबांकडे त्यांची मधमाश्यांची एकच पेटी उरली. उन्हाळ्यात चहूकडे नुसता ऊस, फुलाचं नाव नाही. दत्तोबा रोज साखरेचा पाक ठेवत. माश्या तो पीत, पण पोळ्यात माश्यांची नवी अळी दिसेना.

शेजारची राजेश्वरी म्हणाली, "आबा, पराग न्हाय, तर नुसत्या गोडावर पिल्लं वाढत्यात व्हय? कौसल्याआत्या सोयाबीनचं पीठ मळून ठेवायच्या. तुमी तरी चहा-बिस्किटाशिवाय काय खाताय?"

दत्तोबांनी पीठ पाकात मळून चौकटींवर ठेवलं. काही दिवसांनी पोळ्यात पांढऱ्या अळ्या दिसल्या. पेटी झाकून ते घरात आले. चहाचं आधण उतरवून त्यांनी डाळीचा डबा काढला. एका माणसापुरती किती घ्यायची, हे काही त्यांना कळेना.