फुलवंताची सव्वा मूठ

गजराबाईला राग लवकर येतो हे रनाळ्यात सगळ्यांना ठाऊक होते. अकराव्या वर्षी उखाशी लग्न होऊन ती त्या घरात थोरली सून म्हणून आली, तेव्हापासून तिची सासू सिंधुबाई शेजारणींना सांगे, "हिना तोंडमा इंगळ शे." चाळिशी उलटली तरी इंगळ विझला नव्हता.

त्या वर्षी माघात तिच्या मानेच्या डाव्या अंगाला गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कापूस वेचून होईपर्यंत ती गप्प राहिली. चैत्रात उखाने तिला आगगाडीने नवापूरकडच्या मिशनच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईने गाठीचा तुकडा कापून मुंबईला पाठवला आणि छाती, पोट, जीभ, गर्भाशय, सगळे तपासले. महिन्याने पुन्हा बोलावून सांगितले, "हा कर्करोग आहे. पण मानेत सुरू झालेला नाही, शरीरात दुसरीकडून इथे आलाय. कुठून, ते आम्हाला सापडत नाही."

"मन्हाच आंगमा शे ना? मंग जाई कोठे?" गजराबाई म्हणाली.

डॉक्टरबाईने पुन्हा तेच सांगितले. गजराबाईला तिचा राग आला, पण निदान ही खोटे बोलत नाही, एवढे तिने मनात मान्य केले.

डॉक्टरबाईला जे सापडले नाही ते सिंधुबाईला ओसरीवर बसल्या बसल्या सापडले. गेल्या श्रावणातली गोष्ट. कानबाई देवीच्या सणाला नैवेद्याचे जाड रोट करायचे, तर घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा. तो रोट भाऊबंदांनीच खायचा. लग्न झालेली लेक परक्या कुळातली, तिला त्याचा घास चालत नाही. फुलवंता ही गजराबाईची लेक. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडले. सणाच्या दिवशी सगळे जेवत असताना ती गोठ्यात शेण काढत होती. गजराबाईने तिथे जाऊन तिच्या हातावर रोटाचा तुकडा ठेवला. सिंधुबाईने ते पाहिले होते.

"देवीना कोप शे," सिंधुबाई म्हणाली. "आंडेरले, फुलवंताले, घरमाइन काढा, गाठ बसी जाई."

धाकटा दीर लोटन लगेच हो म्हणाला. घरात एक खाणारे तोंड कमी होणार होते. उखा मान खाली घालून तंबाखू मळत राहिला.

गजराबाईने एवढेच विचारले, "किती दिनमा बसी?"

"सव्वा महिना," सिंधुबाई म्हणाली.

फुलवंताला तीन कोसांवर मामाकडे धाडले. मामीने तिला बाहेरच्या पडवीत निजायला जागा दिल्याचे आठवड्याच्या आत कानावर आले. त्या सव्वा महिन्यात गजराबाई घरात कुणाशी धड बोलली नाही. भाकरी तव्यावर आपटायची. फुलवंता गेली त्या दिवशी तिने कच्च्या सुताचा दोरा गाठीभोवती लावून तोडला आणि कोनाड्यात ठेवला. पुढे दर शुक्रवारी नवा दोरा. दर वेळी तो आधीच्यापेक्षा लांब.

सव्वा महिना उलटला, आणि कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी ती जात्यावर बसली. कानबाईचे दळण त्या घरी थोरल्या सुनेनेच दळायचे आणि एकदा बसले की पुरे झाल्याशिवाय उठायचे नाही. उखाची सव्वा मूठ, लोटनची, त्याच्या दोन पोरांची. अर्धे पीठ पडले तशी तिने खुंटा सोडला. कोनाड्यातून आणून कंबरेला खोचलेले दोरे काढून सासूपुढे टाकले.

"हाऊ पहिला दिनना. हाऊ कालना. मोजी ल्या."

सिंधुबाईने दोऱ्यांना हात लावला नाही. "देवीना खेळ शे, माय. आजून थोडं थांब."

"डाक्टरीनले सापडनं नही, तिनी तसं सांगं. तुमले सापडनं व्हतं ना? ते तुम्हीन उपटी फेकं. मंग गाठ का वाढी ऱ्हायनी?"

"दळण पुरं कर," लोटन म्हणाला. "सणना दिन शेत."

"फुलवंताले आना. तिना नावनी सव्वा मूठ पडी तवय मी दळसू."

"वहिनी, दळण अर्धं ऱ्हायनं ते घरवर कोप व्हई."

"गाठ मन्हा मानमा शे. तुन्हा मानमा नही."

जात्याभोवती अर्धे पीठ, सुपात अर्धा गहू, आणि ही उठत नाही. शेजारच्या बायका दारात जमू लागल्या. घरात पहिल्यांदाच उखा न सांगता उठला. त्याने बैल जुंपले. लोटन काही म्हणाला, तेव्हा त्याने गाडी आणखी जोरात हाकली.

गजराबाई पाण्याचा घोटही न घेता बसून राहिली. मान ठणकत होती. उन्हे कलताना गाडी आली. फुलवंता उतरली, दंड काटकुळे झालेले, आणि उंबऱ्याशी थांबली. सिंधुबाईने तोंड फिरवले.

"मायवं, कानबाई कोपनी ते?" फुलवंताने हळूच विचारले.

"कोपू दे. आखो काय करी ती माले?"

गजराबाईने सव्वा मूठ गहू मोजून जात्यात घातला. मग खुंटा धरला आणि फुलवंताच्या हाताला जागा राहील असा आपला हात थोडा वर सरकवला.

"हात धू. समोर बस. मन्ही मान दुखस, तू वढ."