ऊन बरोबर लागलेलं माकूल

बँकॉक म्हटल्याबरोबर गालात हसलात ना? हसा. पण मी गेलो होतो उत्तनच्या हिरामावशीबरोबर. वय अडुसष्ट, अंगावर नऊवारी, पिशवीत बिनमिठाच्या भाकऱ्या.

मावशी आमच्या गोडदेवच्या बिल्डिंगमध्ये सुके बोंबील विकायला यायची. दुसऱ्याची मासळी दिसली की अंगठ्याने दाबायची, हुंगायची आणि निकाल द्यायची, "दोन उन्हं कमी हायत." मी लांज्याहून नवीन आलो, तेव्हा मलाही वरखाली बघून आईला म्हणाली, "पोर वाईट न्हाय गो. दोन उन्हं कमी."

मी नकला करतो. तिच्या लेकीच्या, लताताईच्या आवाजात जिन्यातून हाक मारली की मावशी हमखास फसायची.

मोबाईलवर तिने बँकॉकची हातगाडी पाहिली. चिमट्यांना लटकवलेलं सुकं माकूल, म्हणजे स्क्विड, निखाऱ्यावर भाजून देतात. "जलमभर मी सुकवलं. त्यांचं कसं हाय, बघायचंय मला." किडन्या बिघडलेल्या, मीठ बंद. तरी लताताई न्यायला तयार झाली. ऐन वेळी तिला सुट्टी मिळेना, म्हणून मला धाडलं. "खारट कण जरी तिच्या तोंडात गेला ना, तर तू आहेस आणि मी आहे!"

आडव्या झोपलेल्या भल्यामोठ्या बुद्धासमोर मावशी कुजबुजली, "दमलाय रं देव. हळू चाल." शेवटच्या संध्याकाळी ती गाडी सापडली. मावशीने माकूल दाबलं, हुंगलं.

"ऊन बराबर लागलंय."

हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. गाडीवाल्याने भाजून कागदात दिलं. मी नको नको म्हणतोय, ती ऐकतेय कुठे! तुकडा ओठाशी गेला आणि मी लताताईचा आवाज काढला, "आये! मीठ न्हाय हां!"

मावशीने दचकून मागे पाहिलं. मग हसली. "लेक बोलली, संपलं," म्हणत कागद माझ्या हातात दिला. मी खाल्लं. सगळं.

दीड महिन्याने मावशी गेली. बाराव्याला मी हा किस्सा दोघींच्या आवाजात सांगितला. बायका रडता रडता हसल्या. लताताईने मला दंडाला धरून मागच्या दारी नेलं, बोंबील वाळवायच्या रिकाम्या काठ्यांपाशी.

"माझाच आवाज मिळाला तुला?"

"ताई, तूच तर सांगितलेलंस..."

"सांगितलेलं! माहितेय मला! पण तुझ्या आवाजात ओरडायचं होतंस ना, गाढवा. तुझं तिने कधी ऐकलंय? खाल्लं असतं रे तिने."