ओसरीची रेघ

नववीत शाळा सोडून मी जळगावाकडून तुमसरला भातगिरणीत कामाला आलो. रविवारी ख्रिस्ती मंडळींचं भजन चाले, ते मी टिनाच्या शेडबाहेर बसून ऐकायचो. आत जायची भीती वाटे.

नवं चर्च कसं असावं ते ठरवायला त्यांनी मोकळ्या जागेवर चुन्याच्या रेघा मारल्या, दारापुढं ओसरीचीही एक. संध्याकाळच्या धुक्यात त्या पाण्यावर तरंगल्यासारख्या दिसत. तिथं एक म्हातारी रोज येई. भिंती नव्हत्याच, तरी ती रेघ ओलांडत नसे. वळसा घालून दाराच्या जागेतूनच आत जाई आणि डोळे मिटून गवतावर बसे.

एकदा मी जवळच उभा असताना चर्चचे पाळक तिला म्हणाले, "मावशी, ओसरी काढून टाकतो. आत दोन रांगा वाढतीन."

"काहून जी? ज्याले आत याचं भेव लागते, त्यानं कुठी बसाचं?"

"असा कोन आहे?"

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "असन कोनी. येऊन राहिला असन."

पाळक हसले, पण रेघ राहिली.

आता ओसरी बांधून झाली आहे. रविवारी मी तिथं बसतो, आत ये म्हणून कुणी टोकत नाही. तिचं नाव मी अजून विचारलेलं नाही. आतलं गाणं मात्र हल्ली मीही हळूच म्हणतो.