धुरपता इथं राहत नाही

आता काय सांगू तुम्हाला, वेंधळी माणसं मीही कमी पाहिली नाहीत. आमच्या मोठ्या जाऊबाई पोर कडेवर घेऊन गल्लीभर पोर शोधायच्या. पण आपल्याला माहेरी न्यायला आलेल्या सख्ख्या भावाला आपल्याच दारातून "ती इथं राहत नाही" असं सांगून परतवून लावणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मग बघून घ्या. ती मी. पान लावा आणि ऐका.

माझं माहेर नांदगाव पेठेचं. माहेरचं नाव धुरपता. दहाव्या वर्षी लग्न झालं. ताटभर तांदूळ पसरले, भटजींनी ह्यांचा हात धरून त्यात अंगठीनं काहीतरी काढलं आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, सगुणा. मला अक्षर कुठं येत होतं? मी आपली बघत होते, एवढे तांदूळ आता कोण नेणार. तांदूळ भटजींनी नेले. त्यांच्याबरोबर धुरपताही गेली, हे मला पुढे कळलं.

आईला ते नवं नाव कधी पटलं नाही. "पोट्टी माही, बारसं म्या केलं, अन् नाव यायनं बदलावं?" म्हणायची. सगुणा हा शब्द तिनं घरात कोणाला काढू दिला नाही. धाकटा भाऊ सदू तेव्हा नऊ वर्षांचा. वडील पुढच्याच साली गेले. म्हणजे माझं सासरचं नाव ठाऊक असलेलं माहेरी एकच माणूस उरलं, आणि ते माणूस तोंड उघडायला तयार नव्हतं.

सासर भातकुलीचं, आडनाव गावंडे. पहिली चार वर्षं दिवाळी आली की माहेरचा मुराळी, म्हणजे सदू लहान म्हणून शेजारचा कोणी गाडीवान, न्यायला यायचाच.

मग ते कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली म्हणे, आणि तिकडच्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडचा कापूस गोड लागायला लागला. आगगाडी अजून यायची होती, तेव्हा सगळा भार बैलांवर. मामंजींनी गाड्या जुंपल्या आणि बिऱ्हाड अकोल्याला हलवलं.

अकोल्यात आमचं गावंडेपण आठ दिवससुद्धा टिकलं नाही. जो तो म्हणू लागला, भातकुलकर. गंमत बघा, भातकुलीत राहत होतो तोवर आम्हाला भातकुलकर म्हणणारा एक माणूस नव्हता. गाव सुटलं तेव्हा गावाचं नाव मागोमाग आलं. माझं माहेर सुटलं, तेव्हा होतं तेही नाव गेलं.

त्यानंतर चार वर्षं माहेराहून कोणी आलं नाही. वाट लांबची, आणि ज्याच्याकडे बैल तो कापूस वाहत होता. खोटं कशाला सांगू, फार आठवण यायची. जात्यावर बसले की आईच्या हातचं तेल डोक्याला हवंसं वाटायचं. पोटभर जेवायला होतं, सासूबाई तोंडाच्या फटकळ पण मनाच्या वाईट नव्हत्या. तरी आत काहीतरी उपाशी राहायचं. धुरपता म्हणून हाक मारणारं त्या एवढ्या अकोल्यात कोणी नव्हतं.

पाचव्या वर्षी ह्यांना कापसाच्या बाजारात नांदगावचा एक गाडीवान भेटला. म्हणाला, सदूचे बैल यंदा मोकळे आहेत, दिवाळीला बहिणीला न्यायला येणार आहे. घर कुठं ते सांगायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. झालं. मी दसऱ्यापासून गाठोडं बांधून बसले.

वसुबारसेचा दिवस. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या, "गाड्यायचे दलाल बैल हेरत फिरून राहिले. कोनी आलं त दार उघडू नको, अन् नाव-गाव सांगू नको." मी दाराआड करंज्या लाटत बसले. हात पोळपाटावर आणि कान बाहेर, गाडीच्या घुंगरांकडे. तेवढ्यात दाराशी घोगरा आवाज आला.

"घरात कोनी हाय का?"

मी फटीतून पाहिलं. पाय तेवढे दिसले. पायात करकरीत नवे जोडे. आमच्या माहेरी सात पिढ्यांत कोणी जोडा घातला नव्हता, तेव्हा हा दलालच.

"काय पायजे?"

"धुरपता इथी राह्यते का?"

थांबा, हसू नका. देवाशपथ सांगते, माझ्या डोक्यात मी आलेच नाही. आठ वर्षं सगुणा ऐकून ऐकून, धुरपता म्हटल्यावर मला आठवली ती मागच्या आळीतली लोहाराची म्हातारी.

"इथी कोनी धुरपता नाई. मांगच्या आळीत हाय, लोहाराची बुढी."

"बुढी नाई वो, तरणी हाय. गावंडे म्हनून सारं अकोला इचारलं, कोनाले ठावं नाई. आता नुसतं तिच्या नावानं फिरून राहिलो. बरं, तुमच्या घरधन्याचं नाव काय?"

यातलं गावंडे कानात शिरलं असतं तरी पुढची गोष्ट घडली नसती. पण मी त्याच्या बोलण्यात घुंगरं शोधत होते. ऐकला तो शेवटचा प्रश्न, आणि तोही असा की उत्तर देता येईना. नवऱ्याचं नाव मी आजही घेत नाही. सासऱ्यांचं आणि दिरांचं तर विचारूच नका. त्या घरात बाईमाणसानं तोंडानं घेण्यासारखी नावं दोनच होती, लाल्या आणि कवड्या, आणि ते दोघे गोठ्यात कडबा खात होते.

"सांगता येत नाई."

"काहून?"

"काहून म्हंजे? तुमच्या घरी बाया नाईत काय?"

"हायेत ना. एक सापडून नाई राहिली."

"मंग जा बापा, तिकडे पाहा. माहा भाऊ येनार हाय. तुमच्या बोलन्यापायी मले त्याच्या गाडीचे घुंगरं आयकू येऊन नाई राहिले."

तो म्हणाला, "नशीबवान हाय तुमचा भाऊ. त्याले बहिनीचं घर त ठावं असंन." आणि जोडे करकरवत गेला. गाडी त्यानं गल्लीच्या तोंडाशी सोडली होती. कापसाच्या गाड्यांमुळे ती आत येईना. घुंगरं ऐकू येणार कुठून?

ती दिवाळी मी कशी काढली ते माझं मला माहीत. करंज्या सगळ्यांनी खाल्ल्या, मी एक खाल्ली नाही. त्यात आळीभर एकच बोलणं, लोहाराच्या म्हातारीला तीस वर्षांनी मुराळी आला आणि ती माहेरी गेली. मी अशी जळले म्हणता. तोंडात दात नाहीत तिला मुराळी येतो, आणि मी उंबऱ्यात बसून म्हातारी होतेय. देवालासुद्धा पाठीशी घालायला लोहारच सापडतात, असं सासूबाईंना म्हणूनही झालं.

तुळशीचं लग्न झाल्यावर म्हातारी परतली. अंगावर नवं लुगडं, केसांना तेल. आमच्या ओट्यावर बसून सासूबाईंना सगळं सांगू लागली. मी आत गहू निवडत होते.

"ते पोट्टं माह्या माहेरचं नोतं. मले पह्यल्याच शब्दात समजलं. माहेरी मले मंजुळा म्हनत, धुरपता हे त सासरचं नाव. पन तीस सालात कोनी न्यायले आलं नोतं. आता बोलावनं आलं, त नाव इचारत बसू काय? गाठोडं घेतलं अन् बसली गाडीत."

"अन् त्यानं नेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"उतर म्हने. म्या उतरलीच नाई. मंग म्हने, मूर्तिजापूरपाशी तुहं माहेर हाय तिथलोक सोडतो. तिथी गेलो त घराच्या जाग्यावर कोनाची तरी कापसाची पऱ्हाटी उभी. सनासुदीचं बुढीले रस्त्यात कसं सोडावं? नेलं बिचाऱ्यानं आपल्या घरी, नांदगाव पेठेले."

माझा सुपातला हात थांबला.

"त्याची माय लय चांगली वो. तिची पोट्टी अकोल्यात हरपली म्हने, माह्याच नावाची. मले पाटावर बसवलं, डोस्क्याले तेल लावलं, रडली. म्हने, राहू दे, नाव त तेच हाय."

माझ्या डोक्याचं तेल त्या म्हातारीच्या डोक्यावर चमकत होतं. मी जागची हललेही नाही.

"अन् आयका," म्हातारी पुढे म्हणाली, "इथीच कोन्या घरी एक सून त्याच्या अंगावर वसकन आली. सवताच्या भावाची वाट पाहून राहिली होती म्हने, अन् दुसरीच्या भावाले पानी नाई इचारलं. कशी असंन वो ती?"

"मूर्ख असंन मेली," सासूबाई म्हणाल्या.

"होय," मी आतून म्हणाले, आणि हंबरडा फोडला.

सगळं सांगितल्यावर सासूबाई आधी पोट धरून हसल्या, मग त्यांनाही रडू आलं. त्यांचं माहेरचं नाव काय होतं, ते त्यांना त्या दिवशी बराच वेळ आठवेना. आठवलं तेव्हा त्यांनी ते मला सांगितलं नाही, नुसतं तोंडातल्या तोंडात म्हटलं. ह्यांना बोलावून म्हणाल्या, "संक्रांतीले हिले तूच नेऊन घाल. त्या पोट्ट्याले परत बोलावशीन, त ही पुन्हा हाकलून देईन."

संक्रांतीला ह्यांनी गाडी जुंपली. सबंध वाटेत मी मनाशी घोकत होते, धुरपता, धुरपता. आता कोणी नुसतं हळू म्हटलं तरी ओ द्यायची, असं ठरवूनच टाकलं होतं. नांदगाव आलं. सदू ते जोडे घालून दारात उभा. मिशा फुटलेल्या. माझ्याकडे बघून हसायचं की रागवायचं, त्याला सुचेना. मी गाडीतून उतरले, अंगण ओलांडलं. आणि ज्या हाकेसाठी चार वर्षं झुरले ती हाक आईनं चुलीपासून मारली, "धुरपता, आली का वो माय?"

आणि मी काय करावं? मागे वळून पाहिलं, लोहाराची म्हातारी आमच्या गाडीत कधी बसली ते बघायला.