लाल दगड

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात बसची वाट बघताना तो म्हातारा मला रोज दिसायचा. रस्त्याकडेच्या गटाराचं झाकण फुटलं होतं आणि एका भाजीवाल्या बाईचा त्यात पडून पाय मोडला होता. तेव्हापासून तो अर्ज घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याकडे सही मागायचा. लोक घड्याळ बघायचे. मीही "उद्या करतो" म्हणालो होतो.

शेवटी त्याने खड्ड्याच्या तोंडाशी एक दगड ठेवला आणि लांबून दिसावा म्हणून दाराचा उरलेला लाल रंग त्याला फासला. आठवडाभरात दगडावर जास्वंद आली, मग नारळ, मग वर पत्र्याचं छप्पर. पुढे झाकण बसवायला माणसं आली खरी, पण देव हलवायचा नाही म्हणून लोकांनीच त्यांना परत पाठवलं.

म्हातारा अर्जाची घडी घालत मला म्हणाला, "बाईच्या पायासाठी धा सह्या नाय झाल्या, भाऊ. दगडाला बघा, रांग हाय."

मी खेदाने मान हलवली. तेवढ्यात बस आली आणि चढता चढता त्या दगडाकडे बघून माझा हात आपसूक छातीला लागला.

म्हाताऱ्याने ते बघितलं, आणि हातातला अर्ज उघड्या गटारात सोडून दिला.